काटेसर

काटे हे सरांचं आडनाव नव्हे. तरी दरवर्षी जूनमध्ये एखादा नवा पालक 'मा. श्री. काटे सर यांस' असा रजेचा अर्ज पाठवतोच, आणि सर त्यावर निमूट सही करतात. खरं आडनाव हजेरीपटावर आहे, पगारपत्रकावर आहे; बाकी सगळीकडे काटेसर. कारण त्यांच्या जुन्या बजाजच्या हँडलला बारा महिने तराजू लटकलेला असतो. डिकीत बाटल्यांची बुचं, शर्टाची बटणं, सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे, सुतळी आणि रिकाम्या आगपेट्या. जेवणाच्या डब्याला तिथे जागा नसते, तो पायाशी.

एकदा गुलमंडीवर गर्दीत अडकले असताना वरच्या गॅलरीतून एका बाईंनी हाक मारली, "ओ भंगारवाले, रद्दी काय भाव?" दुसरा एखादा मास्तर पेटला असता. सरांनी वर पाहिलं आणि विचारलं, "नुसती रद्दी, की पुठ्ठा मिळून?" बाई आत गेल्या त्या बाहेर आल्या नाहीत. सर मात्र स्टाफरूममध्ये येऊन हळहळले. बाईंनी रद्दी आणि पुठ्ठ्याचा एकत्र भाव दोनदा सांगितला असता तर नववी 'ब'चं गणित जागेवर तयार होतं.

मी त्याच शाळेत मराठी शिकवतो. गणिताशी माझं नातं सासुरवाडीसारखं, म्हणजे मान राखून लांब राहायचं. त्यामुळे सरांबद्दल मी जे लिहितो ते एका साक्षीदाराचं बोलणं समजावं.

असा एक मास्तर प्रत्येक शाळेत असतो. कुणी फळ्याचा असतो, कुणी गाईडचा, कुणी नुसत्याच डोळ्यांच्या धाकाचा. हा साहित्याचा असतो. जे हातात धरता येत नाही ते डोक्यात शिरत नाही, हा त्याचा धर्म. साने गुरुजींच्या जयंतीलाही त्याला काहीतरी कापायला, चिकटवायला लागतं. २०१५ च्या सुमारास राज्यभर ज्ञानरचनावादाची लाट आली, वर्गावर्गातल्या फरशा रंगल्या, जो तो खडे आणि मणी गोळा करू लागला, तेव्हा सरांना थोडं वाईटच वाटलं. सगळं गाव एकदम आपल्या देवळात शिरल्यावर जुन्या पुजाऱ्याला वाटतं, तसं. लाट ओसरली, फरशांचे रंग पुसले गेले. सरांची डिकी होती तशीच भरलेली राहिली.

सरांचं सगळं प्रेम एका प्रकरणावर. नववीच्या बीजगणितातलं पाचवं, 'दोन चलांतील रेषीय समीकरणे'. बाकीची प्रकरणं ते माणसासारखी शिकवतात. बहुपदी चार दिवसांत, संच एका आठवड्यात. पण पाचवं आलं की शाळेचं वेळापत्रक मोडतं. शेजारच्या तुकडीत दिवाळीनंतर सुरू होऊन पंधरा दिवसांत संपणारं हे प्रकरण सरांच्या वर्गात महाशिवरात्रीपर्यंत चालतं. मग अर्थनियोजन आणि सांख्यिकी दोन तासांत उरकतात. त्या दोन विषयांत सरांचे विद्यार्थी पुढे आयुष्यभर कच्चे राहतात, असं माझं निरीक्षण आहे. पण त्यांना बाजारात कुणी फसवू शकत नाही. निदान तसा सरांचा दावा होता. त्या दाव्याचं काय झालं ते पुढे येईलच.

आधी आगपेट्यांचा तास. हा मी स्वतः मागच्या बाकावर बसून पाहिला.

टेबलावर सराफ्यातून आणलेला जुना काटा. काचेच्या पेटीतला, सोनं तोलायचा. काडीचं वजन ते काय, त्याला भाजीचा तराजू दाद देत नाही. काही पेट्यांना काळा कागद चिकटवलेला, काहींना निळा. "काळ्या पेटीत किती काड्या, माहीत नाही. निळीत किती, तेही माहीत नाही. पण सगळ्या काळ्यांत सारख्या आणि सगळ्या निळ्यांत सारख्या." एका पारड्यात दोन काळ्या आणि एक निळी. दुसऱ्यात तीन रिकाम्या पेट्या, पेटीचं वजन काटायला, आणि त्यावर एकेक सुटी काडी. काटा डुलत राहिला.

"पंखा बंद कर रे."

"कामून सर? लय गरम होऊ लागलं."

"समीकरण हलतंय."

पंखा बंद झाला. पन्नास मुलांनी श्वास धरला. एकोणीस काड्यांवर काटा सरळ उभा राहिला. मग एक काळी आणि एक निळी, समोर अकरा काड्या. सरांच्या कपाळावर बारीकशी आठी आली, पण तास रंगात होता. पहिल्यातून दुसरं वजा. निळी निळीत गेली, तिचा लोप झाला. उरली एक काळी, बरोबर आठ. म्हणजे निळीत तीन. "उघड पेटी, मोज!"

मुलानं काळी पेटी उघडली. सात.

दुसरी काळी उघडली. सात. पहिली निळी उघडली, पाच. दुसरी निळी उघडली, चार. वर्गात अशी शांतता, की बाहेर कुणीतरी पाढे म्हणत होतं ते ऐकू आलं. सरांनी निळी पेटी उलटी केली, झटकली, खिसे चाचपले. मग त्यांना आठवलं. सकाळी पेट्या ओट्यावर मांडून ठेवल्या होत्या, आणि वहिनींनी देवापाशी दिवा लावला होता.

"सर," मागून आवाज आला, "पुस्तकातच लिवलंय नं, चल म्हणून. चल म्हटल्यावर ती चालली."

सर हसले. हे त्यांचं मोठेपण. त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'लोप पद्धत, प्रकार दुसरा : देवापुढे.' घरी काय बोलणं झालं ते मला माहीत नाही; पण दुसऱ्या दिवसापासून सरांच्या आगपेट्यांवर बारीक अक्षरात 'शैक्षणिक' असं लिहिलेलं असे.

पेट्या काळ्या-निळ्या का, हे मी विचारलं ती माझी चूक. सरांनी मधली सुट्टी घेतली. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी बीजगणितात अज्ञात राशींना रंगांचीच नावं दिली आहेत : पहिली यावत्तावत्, मग कालक, नीलक, पीतक, लोहितक. काळा, निळा, पिवळा, तांबडा. "आणि हे कुठलं लांबचं नाही. आपला कन्नडचा घाट उतरला की चाळीसगावच्या अलीकडे पाटण. तिथे देवळात शिलालेख आहे, १२०७ चा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, आपल्या देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवायला त्यानं मठ काढला. मठ! म्हणजे आपल्यासारखीच संस्था." मी म्हटलं, त्या मठात पण डिकी घेऊन येणारा एखादा असेलच. सरांनी हे गंभीरपणे घेतलं आणि घोड्याला डिकी कुठे लावत असतील याचा विचार करत ते तासाला गेले.

सरांचा जन्माचा वैरी एकच, क्रेमर. गॅब्रिएल क्रेमर, स्वित्झर्लंडचा, १७५० साली त्यानं ती निश्चयकाची रीत छापली. दहावीला ती आहे, आणि क्लासवाल्यांची तिच्यावर फार भिस्त. चार आकडे चौकटीत मांडा, तिरपे गुणा, वजा करा, भागा, मोकळे व्हा. तीन मिनिटं. सरांच्या मते हे गणित नव्हे, ही एटीएममधून नोट काढणं आहे. "थंडी रे ती," ते मुलांना सांगतात, "हात खिशातून बाहेर काढवत नसतील. म्हणून कागदावरच्या कागदावर." याच्या उलट चिनी. दोन हजार वर्षांपूर्वी ते लोक अशी समीकरणं पटावर काड्या मांडून सोडवत. जमेला लाल काडी, वजेला काळी. काड्या! आगपेटीवाल्या माणसाला आणखी काय हवं. सरांच्या मनात चिनी लोकांविषयी जो आदर आहे तो तेवढ्या काड्यांपुरता आहे, हे जाताजाता सांगून ठेवतो.

वजा चिन्ह मात्र सरांना फार छळतं. पारड्यात वजा तीन काड्या कशा ठेवणार? एका वर्षी गॅसचे फुगे आणले, ते पारड्यासकट आढ्याला जाऊन चिकटले. दुसऱ्या वर्षी उधारीच्या चिठ्ठ्या. ज्याच्या पेटीत चिठ्ठी, तो तेवढ्या काड्या देणं लागतो. हे छान चाललं होतं. मग किराणा दुकानदाराच्या मुलानं विचारलं, "सर, गिऱ्हाइकानं उधारी बुडवली तर?" सरांनी दोन दिवस विचार केला आणि चिठ्ठ्या बंद केल्या.

मैदानावरचा आलेख हा शाळेच्या इतिहासातला प्रसंग आहे. क्रीडादिनाची उरलेली फक्की घेऊन सरांनी एका शनिवारी मैदानावर दोन अक्ष आखले. आरंभबिंदू ध्वजस्तंभाशी. एक एकक म्हणजे सरांचं एक पाऊल. मैदानाचं पहिलं चरण सुपारीच्या तबकासारखं स्वच्छ आणि मोकळं. दुसऱ्यात पाण्याची टाकी. चौथ्यात हेडमास्तरांची खोली. आणि दोन्ही बाजूंनी ऋण असलेल्या तिसऱ्या चरणात मुतारी. तेव्हापासून आमच्या शाळेत मुलं करंगळी वर करत नाहीत. "सर, तिसऱ्या चरणात जाऊन येऊ?" असं विचारतात. मराठीच्या तासालाही. चरण म्हणजे कवितेच्या ओळीचा भाग, हे मी कुठल्या तोंडानं शिकवायचं?

त्या शनिवारी दोन समीकरणं होती. x अधिक y बरोबर तीस. x वजा दोन y बरोबर बारा. पहिल्या रेषेची मुलं पंधरा-पंधराला, वीस-दहाला उभी राहिली. दुसरीची बारा-शून्याला, चौदा-एकला, वीस-चारला. मध्ये सुतळ्या ताणल्या. रेषा एकमेकींकडे छान झुकल्या होत्या. पण वीस पावलांवर शाळेची भिंत आली, आणि भेट काही झाली नव्हती. गणित पुस्तकातलं, मैदान संस्थेचं. दोघांची आधी कधी ओळखच नव्हती.

"सर, उकल कंपाउंडच्या भाईर हाय."

सरांच्या डोळ्यांत तो उजेड आला, जो पाहून शिपाई गेटची किल्ली लपवतो. पण उशीर झाला होता. सुतळीची टोकं घेऊन चार मुलं भिंतीवर चढली, मागून चाळीस. चोवीस कॉमा सहा. भिंतीपलीकडे चार पावलं. बिंदू बरोबर भेळेच्या गाडीवर आला. उकल तपासायला गेलेला वर्ग तिसऱ्या तासापर्यंत परतला नाही, आणि परतला तेव्हा सगळ्यांच्या हाताला चिंचेचं पाणी होतं. हेडमास्तरांनी लेखी खुलासा मागितला. सरांनी लिहून दिलं, 'दोन्ही रेषा समांतर नसल्याने त्या कोठे ना कोठे छेदणे अटळ होते.' तो कागद आजही फाइलला आहे.

आता फळं.

सरांना कुठूनसा महावीराचार्यांचा पत्ता लागला. नवव्या शतकातले जैन गणिती, ग्रंथ 'गणितसारसंग्रह', राजा राष्ट्रकूट अमोघवर्ष. म्हणजे ज्या घराण्यानं वेरूळचं कैलास लेणं कोरवलं त्याच घराण्यातला. आता सहलीला वेरूळला गेलं की सर मुलांना लेण्याच्या माथ्यावर उभं करतात आणि खाली बोट दाखवतात : "डोंगर होता. नको तेवढा काढून टाकला. उरलं ते उत्तर. ही लोप पद्धत." गाईड लोकांना हे आवडत नाही, पण मला यातलं थोडं पटतं.

त्या ग्रंथात एक गणित आहे. नऊ महाळुंगं आणि सात कवठं, मिळून किंमत एकशे सात. सात महाळुंगं आणि नऊ कवठं, मिळून एकशे एक. तर एकेकाची काय? बेरीज केली की दोन्ही मिळून सोळा-सोळा फळं दोनशे आठला, म्हणजे एक जोडी तेराला. वजाबाकी केली की दोन महाळुंगं दोन कवठांपेक्षा सहानं महाग, म्हणजे एकाला तीन जास्त. महाळुंग आठ, कवठ पाच. साडेअकराशे वर्षांपूर्वीचं गणित, आणि हल्लीच्या दहावीच्या पुस्तकात असल्याच उलटापालट आकड्यांची गणितं येतात. सरांना राहवेना. हे गणित आजच्या भावानं, खऱ्या फळांवर झालंच पाहिजे.

महाशिवरात्र आली होती, कवठं बाजारात दिसायला लागली होती. महाळुंग कुठे मिळेना. तेव्हा मोसंबी, ती आमच्या मराठवाड्यात कमी नाही. सर मला साक्षीदार म्हणून मागे बसवून शहागंजला घेऊन गेले. मांडीवर पिशवी, गुडघ्याला तराजू आपटतोय.

घड्याळाच्या टॉवरपाशी एक म्हातारा फळवाला. सर म्हणाले, "नऊ मोसंबी, सात कवठ. मिळून किती?"

"मोसंबी का भाव बोलूँ गुरुजी?" (हा 'गुरुजी' त्यानं सहज म्हटला, जसं आमच्याकडे कुणालाही 'काका' म्हणतात.)

"नको! वेगळा सांगू नको."

"अरे, पूछे बगैर कैसे लेते आप? मोसंबी बोलता हूँ..."

सरांनी दोन्ही हात कानांवर ठेवले. "एकत्र! फक्त एकत्र सांग."

म्हाताऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं. आयुष्यभर भाव कमी करा म्हणणारी गिऱ्हाइकं त्यानं पाहिली असणार. भाव ऐकायलाच तयार नसलेलं पहिलंच. त्यानं थोडा विचार केला. "एक सौ अस्सी."

सरांनी आनंदानं दिले, डायरीत लिहिले. इतक्यात एक रिक्षा करकचून थांबली, आतून खाकी शर्टातला गडी उतरला, भर रस्त्यात सरांच्या पाया पडला. "सर, वळकलं का? फुग्यांची बॅच!" आणि मागची सवारी ओरडायला लागली म्हणून तसाच पळाला. सर पुन्हा वळले. "आता सात मोसंबी, नऊ कवठ. मिळून?"

"अभी तो लिए आपने."

"ते झालं. हे दुसरं समीकरण."

म्हातारा या वेळी जास्त वेळ गप्प राहिला. "एक सौ चालीस दो."

दुसऱ्या दिवशी नववी 'ब'च्या टेबलावर बत्तीस फळं. मुलांनी मांडलं. बेरीज, सोळा जोड्या तीनशे वीस, जोडी वीसला. वजाबाकी, दोन मोसंब्यांतून दोन कवठं गेली की चाळीस, एकाला वीस. जोडी पण वीस, फरक पण वीस. म्हणजे मोसंबी वीस रुपये.

आणि कवठ शून्य.

"सर, कवठ फुकट!" वर्गानं बाकं वाजवली. सरांनी तीनदा तपासलं. पहिल्या समीकरणात घातलं, बसलं. दुसऱ्यात घातलं, बसलं. गणितात कुठेच चूक नव्हती, आणि तरी शहागंजात कुणी कवठं फुकट वाटत नव्हतं. क्रेमरनं केलं असतं तरी हेच आलं असतं, असं मी धीर द्यायला म्हटलं. ते त्यांना आणखीनच लागलं.

संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा ओट्यावर सोळा कवठं फोडून ठेवलेली, गूळ किसणं चाललेलं. वहिनींनी मान वर न करता ऐकून घेतलं.

"मोसंबी दहा, कवठ दहा," त्या म्हणाल्या. "बत्तीस नग, तीनशे वीस. बरोबर घेतले की त्यानं."

"कशावरून?"

"मंगळवारी मी आणली नाहीत का? विचारलं मी त्याला."

सर गप्प झाले. मग कागद घेऊन बसले. दहा-दहाच्या भावानं पहिलं खरेदीपत्रक एकशे साठ व्हायला हवं, दुसरंही एकशे साठ. एकात वीस जास्त, एकात वीस कमी. हे वीस कुठून आले आणि कुठे गेले? त्यांना झोप लागली नसावी. सकाळी सातलाच माझ्या दारात स्कूटर.

म्हातारा नुकता गाडा लावत होता. सरांनी डायरी उघडून दोन्ही आकडे त्याच्यापुढे धरले. त्याला ओशाळल्यासारखं झालं.

"क्या बोलूँ गुरुजी. जो आदमी भाव नहीं पूछता, वो या तो बहुत बड़ा सेठ, या... तो मैंने बीस जास्ती बोल दिए. फिर वो रिक्षावाले ने आपके पाँव छुए. मैं समझ गया, मास्तर हैं. तो बीस वापस डाल दिए. हिसाब बराबर हुआ के नहीं?"

"झाला," सर म्हणाले. मग सावकाश त्यांच्या चेहऱ्यावर ते पसरत गेलं, मुलाला उत्तर सापडल्यावर पसरतं तसं. "म्हणजे गणित बरोबरच होतं. भाव मध्येच बदलला. काडी काढली तुमच्या वहिनींनी, तसंच! वर्गात सांगायला पाहिजे हे."

"अब की बार तो अलग-अलग बोलूँ ना?" म्हातारा आशेनं म्हणाला.

"नको, नको," सर घाईघाईनं म्हणाले, आणि खिशाचं पेन काढलं. "पाच मोसंबी, तीन कवठ. मिळून किती?"

म्हाताऱ्यानं सरांच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं, आणि मिशीतल्या मिशीत म्हणाला, "सौ."

सर डायरीत लिहून घेत होते.